संशोधकांची बैठक आणि तिचें दप्तर

पनवेल तालुक्यांतील ओवे हें आमचें राहतें गांव. सिडकोची वसाहत गांवाच्या अंगावर आल्यापासून शेतें गेलीं, रस्ते रुंद झाले, आणि जुन्या कागदांची चौकशी करीत कोणी आमच्या दाराशीं येईल असा संभव आतां उरला नाहीं, असें आम्ही समजून होतों. परंतु गेल्या आषाढांत एक परिचित गृहस्थ भर पावसांत एक कापडी पिशवी घेऊन आले. त्यांचे वडील मोडी कागदांचे जुने संग्राहक. त्यांस जाऊन वर्ष झालें होतें. वडिलांचे रुमाल व पोथ्या मुलांनीं एका संस्थेस देऊन टाकल्या. संस्थेनें त्या आनंदानें घेतल्या व पावती दिली. पिशवींतील जिन्नस मात्र तिनें परत केला. त्यांत सुमारें दोनशें पोस्टकार्डें व अंतर्देशीय पत्रें होतीं. सर्व त्या गृहस्थांस इतर संग्राहकांनीं व संशोधकांनीं लिहिलेलीं. हा पत्रव्यवहार खासगी आहे, ऐतिहासिक नाहीं, असें परत करतांना सांगण्यांत आलें.

संस्थेचें नांव आम्ही देत नाहीं, कारण हा शेरा तिचा एकटीचा नव्हे. आपल्यापैकीं बहुतेकांनीं तो कधीं ना कधीं मनांतल्या मनांत मारलेला आहे. पेशवाईंतील एखाद्या कारकुनानें गुडघेदुखीचें वर्तमान व आंब्याची करंडी पावल्याची पोंच धन्यास लिहिली, तर त्या पत्रास आपण साधन म्हणतों, त्यावर टीपा देतों आणि तें छापतों. तेंच वर्तमान पन्नास वर्षांपूर्वींच्या संशोधकानें आपल्या स्नेह्यास लिहिलें, तर तें रद्दींत जातें. ही निवड कोणत्या तत्त्वावर होते? संशोधकांचें आपसांतील बोलणें, त्यांच्या सभा, त्यांचीं पत्रें, फार काय त्यांच्या गप्पा, हें सर्व संशोधनाचा भाग आहे कीं त्याचा पाचोळा आहे? या प्रश्नाच्या अनुरोधानें आजवर छापून निघालेल्या कांहीं साहित्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

प्रथम पिशवींत काय होतें तें सांगतों. एका कार्डावर एका शिक्क्यांतील अक्षरें उतरून काढून तीं कशीं लागतात हें विचारलें आहे. दुसऱ्यावर अमक्या देशमुखांच्या वाड्यांत गेल्यास थोरल्या भावास न भेटतां धाकट्यास भेटावें, थोरल्यास कागदाचें नांव काढलेलें खपत नाहीं, असा सल्ला आहे. तिसऱ्यावर प्रुफें अजून आलीं नाहींत म्हणून छापखान्यावर राग आहे, आणि खालीं आडव्या ओळींत मुलीचें लग्न ठरल्याचें कळविलें आहे. एका पत्रांत स्वतःच्या छापलेल्या लेखांतील एक वाचन चुकलें असल्याची कबुली आहे. तो लेख आमच्याकडे आहे. ती दुरुस्ती पुढें कोठेंही छापलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणजे आज जो कोणी तो लेख वाचील तो लेखकानें स्वतः सोडून दिलेलें मत लेखकाचें म्हणून उद्धृत करील, आणि तें मत सुटल्याचा एकमेव पुरावा ओव्यास एका कापडी पिशवींत पडून आहे.

आपल्याकडील इतिहाससंशोधन एकेका पुरुषाच्या नांवानें ओळखलें जातें. राजवाड्यांचे खंड, खऱ्यांचा लेखसंग्रह, पारसनिसांचीं मासिकें, असें आपण म्हणतों. त्या पुरुषांचें मोठेपण निर्विवाद आहे. परंतु आरंभापासून हें काम टपालावर व बैठकीवर चाललेलें आहे. साने, मोडक प्रभृतींचें ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ त निघूं लागलें, आणि पाव आण्याचें पोस्टकार्ड हिंदुस्थानांत १८७९ त सुरू झालें. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध कोणी लावूं नये. परंतु एक बखर मिळाली कीं तिची दुसरी प्रत कोणाच्या घरीं आहे, पाठांत कोठें फरक पडतो, हें एका पैशांत विचारतां येऊं लागलें, हें लहान साधन नव्हतें. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत, आणि पटवर्धनी दप्तराच्या नकला करीत. वर्गांतून घरीं येऊन दिवा लावून बसणाऱ्या माणसास दुसरा कोणी असाच बसला आहे हें ठाऊक असणें किती आवश्यक असतें, हें सांगण्यास आम्हांस ग्रंथाची गरज नाहीं. तीस वर्षें आम्हीही वर्गांतून घरीं येऊन दिवाच लावीत आलों आहों.

हीच गोष्ट विलायतेंतही झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ त जें नियतकालिक सुरू केलें, त्याची सामग्री पुष्कळ अंशीं त्यांच्याकडे देशोदेशींहून आलेलीं पत्रेंच होतीं. तेव्हां विद्वत्तेचें त्रैमासिक म्हणजे मुळांत नीट लावलेला पत्रांचा जुडगा, असें म्हटल्यास फारसें चुकत नाहीं.

पुण्यास ७ जुलै १९१० रोजीं भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे उत्पादक. त्या मंडळाचीं पहिल्या दहा वर्षांचीं इतिवृत्तें व संमेलनवृत्तें हा आमच्या मतें मराठी विद्वत्तेचा एक अपूर्व प्रकार आहे. त्यांत कोणी एक नाणें दाखवितो, कोणी एका सनदेची नक्कल वाचतो, कोणी एका आडनांवाची व्युत्पत्ति सांगतो. चार ओळींचें टिपण चाळीस पानांच्या लेखाशेजारीं बसतें आणि कोणासही त्यांत कमीपणा वाटत नाहीं. सरदार आहेत, वकील आहेत, शाळामास्तर आहेत, वतनदार आहेत. १९२० त त्रैमासिक सुरू झाल्यावर लेख अधिक बांधेसूद झाले, संपादन अधिक काटेकोर झालें, हें खरें. तरी जुनें इतिवृत्त उघडलें म्हणजे माणसें एका दालनांत बसलेलीं दिसतात. पुढील अंकांतून तीं हळूहळू उठून जातात व त्यांचे लेख तेवढे मागें राहतात.

या इतिवृत्तांचा आमच्या दृष्टीनें एक मोठा दोष आहे, तो आदर राखून सांगितला पाहिजे. वाचलेलें टिपण त्यांत येतें. तें वाचून झाल्यावर बसलेल्या मंडळींनीं काय विचारलें, कोणीं शंका काढली, वाचणारानें ती मानली कीं नाहीं, हें बहुधा येत नाहीं. पाक्षिक सभेचा खरा अर्क तोच, आणि तोच गळाला.

आम्ही संस्कृत शास्त्रग्रंथांवर वाढलेले असल्यामुळें ही उणीव आम्हांस जास्त बोंचते. शास्त्रकार सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडतो, आणि चांगला शास्त्रकार तो प्रतिपक्ष्याला स्वतःला मांडतां आला नसता इतका चांगला मांडतो. वाचणारास दोन्ही बाजू एकाच पानावर मिळतात. दोष तेथेंही आहे. ‘केचित्’ म्हणजे ‘कित्येक’ एवढ्या शब्दावर टीकाकार प्रतिपक्ष्याची बोळवण करतो आणि ते कित्येक कोण हें शोधण्यांत पुढील पिढ्यांच्या विद्वानांचे डोळे जातात. म्हणजे मत राहिलें, नांव गेलें. आमच्या इतिहासलेखकांनीं तर मत व नांव दोन्ही घालविलें. ग्रंथांत एकटा सिद्धान्त येतो, स्वच्छ, आंघोळ करून आलेला. त्याचा पूर्वपक्ष पाहावयाचा तर कोणाच्या तरी माळ्यावरील पोस्टकार्डें धुंडाळावीं लागतात.

शिवजन्मतिथीचें उदाहरण घेऊं. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, ही तिथि बखरींच्या परंपरेनें चालत आली होती. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावलींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद निघाली. ती शकावली टिळकांनीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत १९१६ सालीं छापली. पुढें जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहांतील कुंडली अजमेरचे गौरीशंकर ओझा यांच्याकरवीं पुण्यास कळली. तीही फाल्गुनाकडेच बोट दाखविते. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तंजावराहून कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ आणलें. तें १९२७ त प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील तिथीही तीच निघाली. शासनानें अखेर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आज शाळेंतील मुलास एक तारीख पाठ असते. परंतु मावळांतील एक देशमुखी घर, राजपुतान्यांतील एक ज्योतिषी आणि कावेरीकांठचें एक ग्रंथभांडार, हीं तीन दारें एकमेकांस अपरिचित होतीं. तीं एका प्रश्नाशीं आणून जोडलीं तीं पत्रांनीं, भेटींनीं आणि बैठकींतील वादांनीं. यांतील कोणताही एक कागद एकट्यानें जुन्या तिथीस हलवूं शकला असता कीं काय, याची आम्हांस शंका आहे. शकावली ही नक्कल म्हणून, कुंडली ही परक्या संग्रहांतील म्हणून, काव्य हें काव्य म्हणून, प्रत्येकास बाजूला सारतां आलें असतें. तिघांची साक्ष एकत्र आली म्हणून निकाल लागला. ती एकत्र कशी आली याची संगतवार हकीकत जुळवावयाची तर वाचकास दहा ठिकाणीं हिंडावें लागतें.

आतां ज्या पत्रव्यवहाराचा संग्रह सुदैवानें टिकला, त्याकडे वळूं. यदुनाथ सरकार व गोविंद सखाराम सरदेसाई यांचा स्नेह १९०४ च्या सुमारास पत्रानें सुरू झाला; सरकार तेव्हां पाटण्यास, सरदेसाई बडोद्यास. एकास औरंगजेबासाठीं मराठी साधनें हवीं होतीं, दुसऱ्यास रियासतीसाठीं फारसी. ही गरज पन्नास वर्षांवर टिकली व तिचें मैत्र झालें. सरदेसाई १९२५ त बडोद्याच्या नोकरींतून मोकळे होऊन कामशेतास राहिले. आमच्या बाजूनें घाट चढून खंडाळें, लोणावळें मागें टाकलें कीं थोड्याच अंतरावर हें गांव लागतें. सरकार तेथें येऊन राहत, आणि दोघे वृद्ध गृहस्थ कागद पुढ्यांत घेऊन बसत. पेशवे दप्तराच्या निवडीचे ४५ भाग (१९३० ते १९३४), पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार, सरकारांचा मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा ग्रंथ, सरदेसायांचा मराठ्यांचा नवा इंग्रजी इतिहास, ह्या सर्वांच्या मागें ती बैठक आहे. हरिराम गुप्त यांनीं पंजाब विद्यापीठातर्फें १९५७-५८ च्या सुमारास सरकारांचें चरित्र व पत्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां तिचा बराच भाग लोकांसमोर आला.

हीं पत्रें वाचतांना प्रथम निराशा होते. मोठे सिद्धान्त थोडे. पुस्तकांची देवघेव, प्रुफें, प्रवासाचे बेत, प्रकृति, पैसा, कोणा तरुणास कोणतें काम द्यावें, हेंच फार. पण सावकाश वाचलें म्हणजे ध्यानांत येतें कीं काम होतें तें ह्यांतच. कोणता कागद अस्सल व कोणता नकलेचा, याबद्दलची शंका सरकार ग्रंथांत एका वाक्यांत मिटवितात. पत्रांत ती महिनोन्‌महिने भिजत पडलेली दिसते. शिवाय दोघांनींही पुत्रशोक पाहिला. सरदेसायांनीं आपल्या श्यामकांताचीं पत्रें पुढें पुस्तकरूपानें काढलीं. सरकारांचा पुत्र कलकत्त्याच्या १९४६ नंतरच्या दंगलींत बळी पडला. अशा प्रसंगानंतर एकमेकांस कामाकडे परत आणणारें माणूस तेंच, ज्याच्याशीं कालपर्यंत शकांच्या व सनांच्या मेळाबद्दल हुज्जत चालली होती. हें खासगी म्हणून गाळावयाचें असेल, तर मग ग्रंथ कसा पुरा झाला हेंही गाळावें लागेल.

या पत्रांवर अलीकडे झालेलें महत्त्वाचें काम म्हणजे दीपेश चक्रवर्ती यांचा २०१५ सालचा इंग्रजी ग्रंथ, ‘द कॉलिंग ऑफ हिस्टरी’. विद्यापीठाच्या चार भिंतींतील इतिहास आणि लोकांत वावरणारा इतिहास यांचा संघर्ष, हा त्यांचा मुख्य धागा. ग्रंथ उत्तम आहे. संशोधकांच्या पत्रांस साधनाचा मान देऊन त्यांवर एक अख्खें पुस्तक उभें करतां येतें हें त्यांनीं दाखविलें, याबद्दल आमच्यासारख्यांनीं त्यांचे आभारी असावें. परंतु एक तक्रार नोंदविली पाहिजे. सरकार-सरदेसाई पत्रें इंग्रजींत आहेत, आणि त्यांत पुण्याच्या मंडळींविषयीं पुष्कळ कडू शब्द आहेत. पेशवे दप्तर कोणाच्या हातीं द्यावें, तें पाहण्याची मोकळीक कोणास असावी, यावरून त्या काळीं जी तेढ पडली ती प्रसिद्धच आहे. त्या तेढींत पुण्याची बाजू ग्रंथांत बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकूं येते. पुणेकर स्वतः बोलतात तें मराठींत, इतिवृत्तांत, वर्तमानपत्रांत, आणि अद्याप कोणी न छापलेल्या पोस्टकार्डांत. त्यामुळें एक बाजू शिस्तीची व दुसरी अभिमानाची असा देखावा उभा राहतो. वास्तविक सनदशीर पुराव्याचा आग्रह दोन्हीकडे होता व अहंकारही दोन्हीकडे होता. दत्तात्रय विष्णु आपट्यांच्या कालगणनेच्या कामास किंवा गणेश हरि खऱ्यांच्या फारसी-मराठी साधनांच्या कामास कोणी भाबडें देशाभिमानी म्हणूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं. मग हा दोष चक्रवर्तींचा कीं आमचा? त्यांनीं उपलब्ध पत्रें वाचलीं. आमचीं पत्रें आम्हींच उपलब्ध ठेविलीं नाहींत.

नैयायिक कथेचे तीन प्रकार मानतात. तत्त्व कळावें म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा मोडावयाचा ती वितंडा. संशोधकांच्या व्यवहारास ही फोड लावली तर असें दिसतें कीं, जें चारचौघांत छापलें गेलें त्यांत जल्प बराच आहे, आणि वाद बहुतेक पत्रांत व बैठकींत आहे. छापील कागदावर माघार घेणें मनुष्यास जड जातें. कार्डावर तो सहज लिहितो कीं आपलें म्हणणें बरोबर, मी चुकलों. म्हणून जो केवळ छापील चोपड्यांवरून मराठी संशोधनाचा इतिहास लिहील त्यास आपले पूर्वज आहेत त्याहून भांडखोर दिसतील. राजवाडे मंडळापासून दूर झाले, धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले, हें सर्वांस ठाऊक. त्यांच्या मागें त्यांच्या संग्रहासाठीं त्याच धुळ्यांत त्यांच्या नांवाचें मंडळ ज्यांनीं उभें केलें, त्यांच्याशीं हा तापट माणूस संध्याकाळीं काय बोलत असे, हें ऐकावयास आम्ही राजवाड्यांच्या दोन प्रस्तावना देऊन टाकूं. (राजवाड्यांच्या प्रस्तावनांचे भक्त हें वाचून रागावतील, तेही चालेल, त्यांनीं पत्र लिहावें.)

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे हे या बाबतींत वेगळे. तंबाखू, चष्मे, असल्या ऐहिक वस्तूंच्या इतिहासावर त्यांनीं शेंकडों टिपणें लिहिलीं, आणि कोणीं काय कळविलें याची नोंद टीपेंत केलेली अनेक ठिकाणीं आढळते. त्यांचें लिखाण रूक्ष म्हणून नांवें ठेवणारे आहेत. आमच्या मतें त्या टीपा म्हणजे एक सबंध विद्वत्समाजाची हजेरी आहे.

परंतु नांव छापण्याच्या आग्रहावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. त्याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजीं जमाव चालून गेला, आणि पोथ्यापुस्तकांची नासधूस झाली. निमित्त एका परदेशी लेखकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचें. त्या पुस्तकाच्या गुणदोषांचा हा प्रसंग नव्हे, आणि त्यांतील आक्षेपार्ह मजकुराचें समर्थन कोणी आमच्याकडून अपेक्षूं नये. पण ऋणनिर्देशांत नांव आलें एवढ्यावरून आधीं एका विद्वानाच्या तोंडास काळें फासण्यांत आलें, ही गोष्ट आम्हां लहान गांवांतील लोकांपर्यंतही येऊन पोंचली. आमच्या परिचयाचे एक संग्राहक तेव्हांपासून कागद दाखवितात, वाचून देतात, चहा पाजतात, आणि निघतांना हात धरून सांगतात कीं, ‘गुरुजी, नांव कोठें घालूं नका.’ त्यांस आम्ही दोष देऊं शकत नाहीं. नांव न घालतां कागदाचा ठिकाणा कसा द्यावा, आणि ठिकाणा न देतां पुरावा कसा मानावा, हा पेंच आम्हांस सुटलेला नाहीं. तूर्त आम्ही नांव बंद पाकिटांत ठेवतों व लेखाच्या मूळ प्रतीस जोडतों. आमच्या मागें कोणी तें उघडील.

आतां स्वतःचा एक गुन्हा कबूल करतों, कारण दुसऱ्यांच्या अप्रकाशित दुरुस्त्यांविषयीं इतकें लिहून आपली दडविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हातीं एक मोडी फर्द आली. खारीचा बांध फुटला म्हणून साऱ्यांत सूट द्यावी, असा तींत मजकूर. गांवाच्या नांवाचें शेवटचें अक्षर कसरीनें नेलेलें. ‘मौजे ओव’ एवढेंच शिल्लक. आम्हांस आनंद झाला; आमच्या गांवचा कागद! आम्हीं तें ‘ओवे’ असें पुरें करून एका स्मरणिकेंत टिपण दिलें, आणि कंसही घातला नाहीं. आमच्या ओटीवर पंधरा दिवसांनीं चारपांच मंडळी जमतात. एक निवृत्त तलाठी, एक पोथ्या जमविणारे वैद्य, दोन हौशी तरुण, असे. तलाठीबुवांनीं टिपण वाचलें, सुपारी कातरतां कातरतां थांबले व विचारलें, ‘गुरुजी, आपल्या ओव्याला खारीचा बांध कधीं होता हो?’ आमचें गांव डोंगराच्या बाजूचें. खाडीच्या बाजूस, हल्लीं जेथें विमानतळ झाला त्या भागांत, ओवळें म्हणून गांव आहे. नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें तींच, आणि खारीचे बांध तेथें असणें स्वाभाविक. आम्हीं कागदांत पाहिलें, गांवाच्या बाहेर पाहिलें नाहीं. आमचें वाचन त्या दिवशींच रद्द झालें. पण रद्द झालें तें ओटीवर. स्मरणिका अजून वाचनालयांत आहे व तींत ‘मौजे ओवे’ छापलेलें आहे. तें वाचन चुकीचें आहे, ‘ओवळें’ हें अधिक संभवनीय आहे, आणि ही दुरुस्ती तलाठीबुवांची आहे, हें येथें प्रसिद्ध करतों. त्यांचें नांव त्यांच्याच इच्छेनें घातलें नाहीं.

हल्लीं अशी शंका विचारण्यास ओटीवर यावें लागत नाहीं. कागदाचा फोटो टेलिफोनवरून जातो, आणि रात्रीं दहाच्या आंत वाचन येऊन पडतें. आमच्या तरुण मित्रांमुळें आम्हीही यांतले झालों आहों. सोय मोठी आहे, मदत पूर्वींहून मोकळ्या मनानें मिळते. पण ते टेलिफोन दोन-तीन वर्षांत बदलतात, आणि त्यांबरोबर सारा वाद नाहींसा होतो; पोस्टकार्ड निदान पिशवींत तरी राहिलें. एखाद्या कठीण शब्दावर चार ठिकाणच्या चौघांनीं चार वाचनें सुचविलीं व पांचव्यानें तो सोडविला, असा एक सुंदर वाद आम्हीं गेल्या चैत्रांत पाहिला. लेख निघाला तेव्हां त्यांत पांचवें वाचन होतें, आणि खालीं लेखकाचें एकट्याचें नांव. लेखकानें लबाडी केली असें नव्हे; त्यास इतरांचीं नांवें आठवतही नव्हतीं.

वास्तविक याचा नमुना आपल्या दप्तरांतच आहे. जुना महजर पाहावा. आधीं हाजीर मजालस: देशमुख, देशपांडे, मोकदम, शेटे, बलुते, जे जे बसले त्यांचीं नांवें. मग अग्रवादीची तकरीर, मग पश्चिमवादीची. साक्षी, पुरावा, दिव्य केलें असल्यास तें. आणि अखेरीस निवाडा. हरलेल्याचें म्हणणें त्यांत जिंकणाराच्या म्हणण्याइतकेंच सविस्तर असतें, म्हणूनच तीनशें वर्षांनीं आपण त्या निवाड्यावर पुनः विचार करूं शकतों. पाटीलकीच्या वादास जी काळजी गोतसभेनें घेतली, तेवढी एका शकाच्या किंवा एका शब्दाच्या वादास संशोधकांच्या सभेनें घ्यावी, ही मागणी अवास्तव नाहीं. दर सभेस एकानें मागें बसून कोणीं काय शंका काढली तें लिहावें. दर लेखाखालीं कोणतें वाचन कोणाचें तें यावें, नाकारलेल्या वाचनासहित. आणि संग्राहकाचें दप्तर घेतांना त्याचीं पोस्टकार्डेंही घ्यावीं. जागेची अडचण सांगितली जाते. दोनशें कार्डें आमच्या घरीं एका बुटाच्या खोक्यांत बसलीं.

तीं आम्हीं सनावळीनें लाविलीं आहेत, व लिहिणारांच्या नांवांची यादी केली आहे. हयात असलेल्यांचीं पत्रें वेगळीं बांधून ठेविलीं. तीं त्यांच्या परवानगीवांचून कोणास दाखविणार नाहीं. बाकीचीं ज्यांस पाहावयाचीं असतील त्यांनीं यावें. एका कार्डाचा मात्र उलगडा होत नाहीं. शिक्का वाईचा, साल १९६८ असें दिसतें. मजकूर एका यादवकालीन शिलालेखांतील वाराच्या मेळासंबंधीं असून गणित फार सुरेख केलें आहे. सहीच्या जागीं ‘तुमचा तोच’ एवढेंच. अक्षर उजवीकडे झुकलेलें, ‘ल’ व ‘श’ जुन्या वळणाचे, शाई हिरवी. त्या काळीं वाईस हिरव्या शाईनें लिहिणारे व पंचांगगणित जाणणारे गृहस्थ कोण होते, हें कोणा वाचकास ठाऊक असल्यास कळवावें.